मुकादमाची खिडकी

जावयाने त्या रविवारी दुपारी सासूबाईंच्या स्वयंपाकघराची मागची खिडकी बाहेरून लावून घेतली, तिच्या कडीला कुलूप घातलं, किल्ली आत नेऊन ओट्यावरच्या खिळ्याला अडकवली आणि हात झटकले. काम अगदी चोख झालं होतं. इतकं चोख, की संध्याकाळ व्हायच्या आत घरातली सगळी माणसं घराबाहेर होती आणि घरात शिरायला मुंगीलाही वाट नव्हती.

झालं असं, की बायकोची मावशी परत निघाली. तिला बसमध्ये बसवून द्यायला तिघंही गेली. सासूबाई, बायको आणि पिशव्या उचलायला जावई. निघताना पुढचं दार जावयानेच ओढलं. ते दार ओढलं की आपोआप लागतं. परत आल्यावर त्याने बायकोकडे किल्ली मागितली. बायकोने आईकडे पाहिलं. आईने जावयाकडे पाहिलं, आणि लहान मुलाला ‘तोंडात काय आहे, दाखव’ म्हणताना लावतात तसा आवाज लावून ती म्हणाली, "किल्ल्या खिळ्याला. मागे जा, खिडकीतून हात घाला, तिच्या शेजारच्या दाराची कडी काढा. इतक्या वर्षांत एवढंही कळलं नाही का?"

जावयाने स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. त्या खिडकीचा एक गज गायब आहे हे त्याला ठाऊक होतं. या घरात कुणीही किल्ली घेऊन बाहेर पडत नाही हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टींचं आपसात काही नातं असेल, हे मात्र कुलूप घालताना त्याच्या डोक्यात आलं नाही. तो एका सिक्युरिटी कंपनीत सुपरवायझर होता. आठवडाभर निरनिराळ्या गेटवरच्या वॉचमनना ‘जरा डोकं वापरा’ असं सांगत हिंडायचं म्हटल्यावर रविवारपर्यंत स्वतःजवळ फारसं उरत नसे.

आणि घर कुणाचं? कुलूपवालीचं. आख्खा रस्ता सासूबाईंना त्याच नावाने ओळखत होता. पुढे रस्त्याच्या बाजूला एका शटरचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या, त्यामागे स्वयंपाकघर आणि मग बोळ. दुकान मूळचं सासऱ्यांचं. त्यांची नजर अधू व्हायला लागली तशा सासूबाई त्यांच्या शेजारी बसायला लागल्या. आधी हत्यारं हातात द्यायला, मग किल्ली घासायला, आणि शेवटी सासरे नुसते स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारत आणि बाई कुलपाला कान लावून बसे. सासरे गेल्यावर बाईचा धाकटा दीर टेप घेऊन आला. एवढ्या जागेत मोबाइलचं दुकान कसं बसेल ते त्याला बघायचं होतं. वहिनीने टेपचं दुसरं टोक धरलं, उभं-आडवं सगळं माप त्याच्याकडून मोठ्याने वदवून घेतलं, चहा पाजला आणि आठवड्याच्या आत बरोबर त्या मापाची नवी फळी भिंतीला ठोकून घेतली. दीर परत टेप घेऊन आला नाही.

गिऱ्हाइकांना सवय व्हायला वेळ लागला. लोक यायचे, बाईच्या डोक्यावरून आत डोकवायचे आणि विचारायचे, मालक कुठे आहेत? ती मान वर न करता सांगायची, "मालक मी. मुकादम हवे असतील तर ते झोपलेत."

मुकादम म्हणजे बोका.

तो आला त्याची गोष्ट ती सांगत नसे, पण समोरचा इस्त्रीवाला प्रत्येकाला सांगत असे, आणि दर वेळी गोष्टीतलं कपाट थोडं मोठं होत असे. कुणाच्या तरी गोदामातून एक जुनं लोखंडी कपाट हातगाडीवर घालून आणलं होतं. किल्ली हरवलेली, कुलूप गंजलेलं, आणि आत काय आहे ते मालकालाही माहीत नाही. बाई सकाळपासून त्याच्यापुढे मांडी ठोकून बसली. दुकानासमोर ही गर्दी जमली. कुणी म्हणे दागिने, कुणी म्हणे कागदपत्रं. शेवटी कट्ट झालं, दार करकरत उघडलं आणि आत, खालच्या कप्प्यात, तांबूस रंगाचं मांजराचं पिल्लू गाढ झोपलं होतं. कपाटाचा मागचा पत्रा कधीचाच सडून गेला होता. समोरून हे एवढं कुलूप आणि मागून भगदाड. सकाळभर सगळे समोरून झटत होते आणि पिल्लू मागून ये-जा करत होतं.

कपाटाच्या मालकाने पिल्लाला हाकललं. ते चार पावलं चाललं आणि बाईच्या मांडीवर चढून पुन्हा झोपलं. आपण इतका वेळ खपलो ते ज्याच्यासाठी, ते दुसऱ्या कुणाला का द्यायचं, असा साधा हिशेब तिने केला असावा. बसून दुसऱ्यांचं काम बघायचं आणि स्वतः काडी इकडची तिकडे करायची नाही, या गुणांवरून त्याचं नाव ठेवायला इस्त्रीवाल्याला फार विचार करावा लागला नाही.

मुकादमाची जागा घासकामाच्या फळीखाली होती. वर किल्ली घासली जायची आणि पितळेचा कीस खाली त्याच्या अंगावर पडायचा. दुपारी उन्हाची तिरीप दुकानात आली की तांबूस बोका सोन्याचा मुलामा दिल्यासारखा चमकायचा. एका बाईंनी तर ही जात कुठे मिळते म्हणून चौकशी केली होती. कुलपाला कान लावला की सासूबाईंना समोर कुणी खोकलेलंही चालत नसे. गिऱ्हाईक जांभई देतानासुद्धा परवानगी घेतल्यासारखा चेहरा करी. मुकादम मात्र फळीखाली खुशाल गुरगुरत असे आणि त्याला कुणी काही म्हणत नसे. जावई एकदा धीर करून याबद्दल बोलला होता. त्यावर, तो कामाचं बोलतो, असं उत्तर मिळालं.

रात्रीचं त्याचं वेगळं. त्याला बाहेर जायचं असे, बाहेर गेला की आत यायचं असे, आणि दोन्हींसाठी तो दारापाशी असा काही गळा काढी की बोळातले दिवे लागत. काही दिवस सासूबाई उठल्या. मग एका सकाळी त्यांनी दुकानातून करवत आणली, स्वयंपाकघराच्या खिडकीचा एक गज वरून-खालून कापून काढला, झडपा भिंतीला सरळ मागे टेकवून हुकात अडकवल्या आणि दुकान उघडायला निघून गेल्या. इस्त्रीवाल्याने विचारलं, वहिनी, जगाच्या दारांना कुलपं लावता आणि स्वतःच्या घराला भोक पाडता, हे कसं? त्या म्हणाल्या, जगाच्या घरी मुकादम राहत नाहीत.

तेव्हापासून खिडकी उघडी. थंडीत उघडी, पावसात उघडी, धुळीत उघडी. हळूहळू घरातल्या माणसांनीही मुकादमाचा रस्ता धरला. तो अंग आत घाली, माणसं हात घालत. लेक कॉलेजातून यायची, गजांमधून हात घालायची, कडी काढायची. तिचं लग्न ठरायच्या सुमाराला जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा नेमकी ड्युटीवरून आला होता. गणवेशात, टोपी काखेत. चहा पिता पिता त्याची नजर त्या खिडकीवर गेली आणि त्याने सावधपणे सुचवलं, की आमच्या कंपनीच्या दृष्टीने हे जरा धोक्याचं आहे. सासूबाईंनी ऐकून घेतलं. तो उठला, टोपी उचलायला गेला, तर टोपीत मुकादम. गोल वळून, बॅजवर हनुवटी ठेवून. त्याला उठवायची कुणाची छाती झाली नाही. भावी जावई बोडक्याने घरी गेला. पुढे दर भेटीत हेच. टोपी ठेवायची खोटी, की मुकादम हजर. वरिष्ठांनी एकदा सगळ्यांसमोर जावयाच्या टोपीवरचे केस मोजल्यासारखे करून दाखवले होते. जावयाला बोक्याचा मनापासून राग होता, असं तो स्वतः सांगत असे. टोपी मात्र दर वेळी तो टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर, तोंड वर करून ठेवत असे. का, ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मुकादम या हिवाळ्यात गेला. म्हातारा झाला होता, दात पडले होते, उडी नेम धरून मारावी लागत होती. एका दुपारी फळीखाली गुरगुर थांबली. सासूबाईंनी हातातली किल्ली पुरी घासली, गिऱ्हाइकाला दिली, शटर खाली ओढलं आणि त्याला बोळाच्या टोकाशी, भिंतीला लागून मऊ माती आहे तिथे, स्वतः खड्डा खणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळी उघडलं.

मग लोक समजूत घालायला लागले. सासऱ्यांच्या वेळी आले नसतील इतके आले. कुणी म्हणे, सुटला बिचारा. कुणी म्हणे, मनाला लावून घेऊ नका, मांजरच ते. इस्त्रीवाला तर खोक्यात घालून एक पांढरं पिल्लू घेऊन आला. सासूबाईंनी पिल्लाला दूध पाजलं, खोक्याला हवा जायला आणखी दोन भोकं पाडून दिली आणि खोकं त्याच्याकडे परत केलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमचे मित्र गेले तेव्हा तुम्ही मला खोक्यात घालून दुसरा नवरा आणला नव्हतात." इस्त्रीवाला त्या दिवशी दोन शर्ट जाळून बसला.

पांढरं पिल्लू आता त्याच्याच दुकानात असतं.

लेकीचं म्हणणं वेगळं होतं. मुकादम होता तोवर खिडकीला कारण होतं. आता बोळात कोण कोण येतं-जातं, आई एकटी, गज नाही, रात्री खिडकी सताड उघडी. तिने आईपुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक तर खिडकी बंद कर, नाहीतर आमच्याकडे राहायला ये. आई दोन्हींना नाही म्हणाली. कारण देईल तर शपथ. नाही म्हणजे नाही. लेक रडली, रुसली, आठवडाभर फोन केला नाही. मग जावयाने ठरवलं, की या मायलेकींचं कधी संपायचं नाही, आपणच काय तो सोक्षमोक्ष लावू. त्याला खरंच काळजी होती. तो गेटवर रात्री काढलेला माणूस होता. उघड्या खिडक्यांचं पुढे काय होतं ते त्याने पाहिलं होतं. म्हणून मावशी आल्याच्या गडबडीत त्याने दुकानातल्या फळीवरचं सगळ्यात दणकट कुलूप उचललं, बोळात गेला, हुकातून झडपा सोडवल्या, बिजागऱ्यांना तेल दिलं आणि पुढचं वर आलंच आहे.

तर आता बोळात चौघं उभी होती. सासूबाई, बायको, जावई आणि, घरात काही घडलं की इस्त्री बंद करून येणारा इस्त्रीवाला. सासूबाई बंद झडपांकडे बघत होत्या. कुलूप त्यांनी ओळखलं. कुलपावरून त्यांनी नजर जावयाकडे नेली आणि जावयाने ती इस्त्रीवाल्याकडे सरकवली.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही?"

जावई म्हणाला, आपण सुरक्षेच्या दृष्टीने...

इस्त्रीवाला हसला. त्यात काय एवढं, वहिनी, तो म्हणाला, अंबाड्यातली पिन काढा आणि उघडा, चहाची वेळ झाली. त्याचं म्हणणं खरं होतं. ज्या बाईने गोदामांची कपाटं उघडली, तिला एक कुलूप आणि एक खटक्याचं दार म्हणजे हातचा मळ. सासूबाईंनी अंबाड्याला हात लावला. पिन आहे ना, ते बघितलं. ती आणखी आत खोचली आणि बोळातल्या पायरीवर बसल्या.

"मी नाही उघडायची."

जावयाला वाटलं, थट्टा चालली आहे. पण सासूबाईंचा एक जुना नेम होता आणि तो त्याला माहीत होता. कुलूप ज्याचं, त्याने समोर उभं राहून सांगितल्याशिवाय त्या कुलपाला हात लावत नसत. जावई पुढे झाला आणि म्हणाला, आई, कुलूप मी लावलंय, मीच सांगतो, उघडा.

"घर कुणाचं?"

"तुमचं."

"मग कुलूप लावणारा एक आणि घर दुसऱ्याचं. असल्या कामात मी पडत नाही. असल्या कामाला पोलीस लागतात."

इस्त्रीवाला भिंतीकडे तोंड करून खोकायला लागला.

बायको मधे पडली. निदान पुढचं दार तरी उघड, आई, ते तर तुझंच आहे. यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, की पुढचं उघडलं की सगळी आत जातील, चहा होईल, दिवे लागतील, आणि खिडकी आपली लागलेलीच राहील. उद्या कुणीतरी म्हणेल, बंदच आहे तर राहू दे. असंच होतं. तेव्हा आधी मागचं.

मग जावयाने पुरुषार्थ करून बघितला. झडपेला खांदा दिला, खांदा दुखावला. बोळातला दगड उचलून कुलपावर तीनदा घातला. दगडाचा टवका उडाला. सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "माझ्या फळीवरचं आहे. दगड दुसरा घ्या." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता हे लपलं नाही.

जावयाने शेवटचा उपाय म्हणून फोन काढला आणि बाजाराच्या पलीकडच्या टोकाला बसणाऱ्या दुसऱ्या कुलूपवाल्याला लावला. पत्ता ऐकताच पलीकडचा माणूस इतका मोठ्याने बोलायला लागला, की सगळ्यांना ऐकू गेलं. त्या बाईंच्या घराचं कुलूप मी उघडू? उद्यापासून माझ्या दुकानात कोण येईल? आणि त्या स्वतः कुठे आहेत? समोरच बसल्यात? मग साहेब, तुम्ही आधी त्यांची माफी मागा, आणि माझा नमस्कार सांगा. फोन बंद झाला.

ऊन भिंतीवर चढलं. बोळात एक-दोन बायका कामाचं निमित्त काढून उभ्या राहिल्या. जावई गुडघ्यांवर बसून झडपेकडे बघत राहिला. आता कुठे त्याने खिडकी नीट बघितली. कुलूप दणकट होतं, कडी दणकट होती. आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सगळे बाहेरच्या बाजूला, त्याने स्वतःच तेल घालून चकचकीत केलेले.

त्याने इस्त्रीवाल्याकडे फक्त हात पुढे केला. इस्त्रीवाला दुकानातून इस्त्री उघडायचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. जुने स्क्रू होते, दोन सहज आले, एकाने घाम काढला, एकाचं डोकं झिजलं. बायको खालून झडप धरून उभी राहिली. सासूबाई बसल्या जागेवरून हलल्या नाहीत, सल्लाही दिला नाही. फक्त मधे एकदा इस्त्रीवाल्याला म्हणाल्या, उन्हात उभे राहू नका, भाऊ, दुकान उघडं टाकून आलात, पिल्लू पळेल. तो जागचा हलला नाही.

शेवटी दोन्ही झडपा कुलपासकट एका तुकड्यात निघाल्या. कुलूप अजून लागलेलंच होतं. जावयाने त्या भिंतीला टेकवल्या आणि गजांमधल्या मोकळ्या जागेतून हात आत घातला. कडी त्याच्या हाताला लगेच लागली आणि निघाली. हात बाहेर काढताना मात्र बाही अडकली. कापलेल्या गजाचा खालचा तुकडा अर्धा बोट वर राहिला होता, आणि त्याला तांबूस केसांचा एक पुंजका चिकटून बसला होता. इतक्या वर्षांत रोज जाता-येता घासून बसलेला. जावयाने तो चिमटीत धरला. केसांत पितळेचा बारीक कीस होता आणि उतरत्या उन्हात तो चमकत होता.

डोक्यावरची टोपी काढायची असते तशी जावयाच्या दोन्ही हातांची चाळवाचाळव झाली. पण आज रविवार होता. टोपी घरी होती.

"डोळ्यांत काय गेलं?" बायकोने विचारलं.

धूळ, तो म्हणाला. त्याने पुंजका पुन्हा गजावर, जिथे होता तिथेच, अंगठ्याने दाबून लावला. नीट लागला की नाही ते वाकून बघितलं.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्या पायरीवरून उठल्या, साडी झटकली, आत गेल्या आणि खिळ्यावरच्या किल्लीने झडपांवरचं कुलूप उघडून ते पुसून फळीवर ठेवायला दुकानात नेऊन आल्या. कुलपावर दगडाचा एक ओरखडाही नव्हता. नेण्याआधी त्यांनी ते इस्त्रीवाल्याला दाखवलं. मग चहा ठेवला. चौघांचा. एक कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि तिथूनच, गजांमधून, बाहेर उभ्या असलेल्या जावयाला घ्यायला सांगितला.

जावयाने चहाचा घोट घेतला. भिंतीला टेकलेल्या झडपांकडे बघितलं. त्या परत बसवायच्या तर उजेड आहे तोवर बसवायला हव्या होत्या. खिडकीपलीकडे सासूबाई ओटा पुसत होत्या. आता आत-बाहेर करायला काहीच अडसर नव्हता, झडपाच नव्हत्या. त्याला वाटलं, आत्ता विचारलं नाही तर परत विचारायची हिंमत होणार नाही. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, रागावू नका. पण तो तर आता परत यायचा नाही. मग ही खिडकी उघडी ठेवायची ती कुणासाठी?"

सासूबाईंनी फडकं पिळलं, दांडीवर टाकलं आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "बोका मेलाय, जावईबापू, मी नाही."